मोर्तब करणाऱ्याचा मान

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतील मुले-मुली गेली पंचवीस-तीस वर्षे संगणकाच्या धंद्यात आहेत. त्यांच्या कामाविषयी घरोघरी जे बोलले जाते त्यात एक उतरंड पक्की बसली आहे. जो नवे काही बनवतो तो हुशार. जो दुसऱ्याने बनवलेले तपासतो तो मागे पडलेला. 'दिवसभर दुसऱ्यांचे लिहिलेले वाचत बसतो' हे वाक्य आपल्याकडे कौतुकाने उच्चारले जात नाही. आम्हांला या समजुतीचा प्रतिवाद करायचा आहे. त्यासाठी उदाहरणही मोठे घेणार नाही. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातील, छापले तर पानभर भरेल न भरेल एवढे एक फंक्शन घेऊ. त्याच्या तपासणीला जगातील जाणती माणसे वर्षानुवर्षे का बसली, हे समजून घेतले तर आमचे म्हणणे आपोआप पटेल अशी आशा आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला, म्हणजे कळफलक, कॅमेरा, प्रिंटर, वाय-फाय यांना, आपापली बोली असते. ती बोली समजून प्रणालीच्या गाभ्याशी व्यवहार करून देणारा जो दुभाषा, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा, निम्म्याहून अधिक मजकूर या ड्रायव्हरांचाच आहे. हे ड्रायव्हर लिहिणारे हजारो, जगभर विखुरलेले. पण काही कामे सगळ्यांनाच करावी लागतात. ती प्रत्येकाने आपल्या पद्धतीने करू नयेत, म्हणून एकदाच नीट लिहून मध्यभागी ठेवलेली असतात. यांना सामाईक साहाय्यक फंक्शने म्हणावे, धंद्यातील मंडळी 'हेल्पर' म्हणतात. वाड्यातील चार बिऱ्हाडांच्या चार चुली असल्या तरी आड एकच असतो. चुलीत काही बिघडले तर एक बिऱ्हाड उपाशी राहते, आडात काही पडले तर सारा वाडा आजारी पडतो. सामाईक फंक्शनाचे तसेच आहे.

आमचे उदाहरण नावाची नक्कल करण्याचे आहे. ड्रायव्हरला आपल्या उपकरणाचे नाव एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी लिहावे लागते, आणि लिहिण्याची जागा मोजकी असते. लिनक्समध्ये नेटवर्क-जोडणीच्या नावाला १६ बाइट, कॅमेऱ्याच्या नावाला ३२ बाइट, काही लहान उपकरणांच्या नावाला २० बाइट असा हिशेब ठरलेला आहे. बाइट म्हणजे स्मृतीतील एक घर. कर्नेल ज्या सी भाषेत मुख्यतः लिहिलेले आहे, त्या भाषेत मजकूर कोठे संपला हे सांगण्याची युक्ती एकच: शेवटच्या अक्षरानंतरच्या घरात शून्य ठेवायचे. शून्य दिसले की वाचणाऱ्याने थांबायचे. शून्य नसेल तर तो पुढे वाचत जातो, आणि पुढे दुसऱ्या कोणाचा मजकूर असतो.

ही युक्ती आपल्याला परकी वाटू नये. मराठी राज्यातील कागदावर आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटे. शिवाजी महाराजांचे मोर्तब 'मर्यादेयं विराजते' हे होते; पेशवाईच्या कागदांवर 'लेखनसीमा' ही मुद्रा आढळते. तिचा अर्थ इतकाच की लिहिणे येथे संपले, यापुढे जे दिसेल ते आमचे नव्हे. मोडीचा लेखक शब्दांत अंतर न सोडता सलग लिहीत जाई, त्यामुळे अखेर कोठे हे मुद्रेने सांगणे अधिकच गरजेचे होते. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा दुसरा अर्धा भाग मुळात शेवटाची राखण करण्यासाठी होता हे विसरतो. संगणकातील ते शून्य म्हणजे लेखनसीमाच होय.

आता इतिहास. १९७९च्या युनिक्समध्ये 'स्ट्र-एन-कॉपी' नावाचे फंक्शन होते. त्या काळच्या युनिक्समध्ये फाइलीच्या नावाला १४ घरांचा रकाना असे, आणि हे फंक्शन अशा मोजक्या रकान्यांसाठी बनलेले होते. नाव लहान असेल तर उरलेली घरे शून्यांनी भरायची, नाव रकान्याएवढे किंवा मोठे असेल तर रकाना भरून थांबायचे आणि शेवटचे शून्य ठेवायचेच नाही. रकान्यासाठी हे योग्य होते, कारण रकान्याची लांबी सर्वांना ठाऊक असे. पण लोक ते साध्या मजकुरासाठीही वापरू लागले, आणि मोर्तबाविना कागद जागोजाग फिरू लागले.

यावर उपाय म्हणून १९९८ साली ओपनबीएसडी या प्रणालीच्या टॉड मिलर आणि थिओ द राट यांनी 'स्ट्र-एल-कॉपी' आणले. हे फंक्शन शेवटी शून्य न चुकता ठेवते. २००३ साली ते लिनक्सच्या कर्नेलमध्ये आले आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी त्याचे स्वागत केले. शेकडो फाइलींत ते जाऊन बसले. पण त्यातही एक खोट होती. ते फंक्शन मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत सांगते. म्हणजे १६ घरांपुरतेच उतरवायचे असले तरी मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचावा लागतो. मूळ मजकुरालाच मोर्तब नसेल तर ते वाचतच जाते. शिवाय आधी लांबी मोजायची आणि मग नक्कल करायची अशा दोन पावलांच्या मध्ये मूळ मजकूर बदलला, तर मोजलेले एक आणि उतरलेले दुसरेच, असा प्रसंग येतो.

२०१५ साली ख्रिस मेटकाफ यांनी तिसरे फंक्शन मांडले, 'स्ट्र-एस-कॉपी'. हे लागेल तेवढेच वाचते, मोर्तब नेहमी ठेवते, आणि मजकूर मावला नाही तर लांबीऐवजी उघड त्रुटीचा आकडा परत देते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते स्वीकारले, पण स्वीकारतानाच बजावले की जुने सारे घाऊक बदलणारे पॅच पाठवू नका; खरे कारण असेल तेथेच वापरा. 'स्ट्र-एल-कॉपी' कर्नेलमधून पुरते काढून टाकले गेले ते २०२४ साली, लिनक्सच्या ६.८ या आवृत्तीत. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२३ मध्ये, लिनक्सवरील सामान्य कार्यक्रम ज्या ग्रंथालयावर चालतात त्या जीलिबसीने दीर्घ नकारानंतर हेच फंक्शन आपल्याकडे दाखल करून घेतले होते. एका घरातून निरोप मिळालेला पाहुणा शेजारच्या घरात नुकताच पाटावर बसला होता! एकाच लहान वस्तूविषयी दोन जाणत्या मंडळांनी दोन निवाडे दिले. याचा अर्थ इतकाच की प्रश्न लहान नव्हता.

अशा फंक्शनाची तपासणी करणारा काय करतो? तो विचारतो: शेवटचे शून्य सर्व वाटांनी ठेवले जाते का? दिलेल्या जागेची लांबीच शून्य असेल तर काय होईल? वेगासाठी हे फंक्शन एकेका घराऐवजी आठ-आठ घरे एकदम वाचते, मग स्मृतीच्या पानाच्या कडेशी आले असता पलीकडच्या, अस्तित्वातच नसलेल्या पानावर त्याचा हात जाईल का? (जाऊ नये म्हणून पानाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजण्याची तजवीज त्या फंक्शनात केलेली आहे.) नाव लहान असून रकाना मोठा असेल तर उरलेल्या घरांत पूर्वीचे काय पडले आहे? तो रकाना जसाच्या तसा वापरकर्त्याच्या हाती गेला तर कर्नेलच्या पोटातील मजकूर बाहेर फुटेल का? या शेवटच्या प्रश्नापोटीच पुढे उरलेली घरे शून्यांनी भरणारा त्याचा एक भाऊ जन्मास आला. यांतील एकही प्रश्न फंक्शन 'चालते का' एवढ्याने सुटणारा नाही. ते पहिल्या दिवसापासून चालतच होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा खल कशाला? हा आक्षेप वस्तूची लांबी मोजतो, तिची पोच मोजत नाही. १९ जुलै २०२४ रोजी जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. कारण काय निघाले? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या, कर्नेलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसलेल्या कार्यक्रमाला २१ रकाने अपेक्षित होते आणि भरलेले होते २०. एकविसावा वाचायला तो सीमेपलीकडे गेला. सीमा ओलांडली का, हे पाहणारी तपासणी त्या जागी नव्हती. कंपनीनेच आपल्या अहवालात हे मान्य केले आहे. वीस आणि एकवीस यांतले अंतर केवढे? एवढेसेच. मोठ्या गोष्टीकडे सगळ्यांचे लक्ष असते, म्हणून तिच्यातली चूक लवकर दिसते. लहान आणि सामाईक गोष्ट सगळे वापरतात, म्हणून ती दुसऱ्या कोणीतरी पाहिलीच असेल असे प्रत्येक जण धरून चालतो.

दुसरा आक्षेप दिरंगाईचा. चांगले फंक्शन २०१५ साली मिळाले होते, तर जुने जायला २०२४ का उजाडावे? एका दिवसात सर्वत्र नाव बदलून का टाकले नाही? आमचे उत्तर असे की तसे केले असते तर नव्या चुका पेरल्या गेल्या असत्या, आणि टोरवाल्ड्स यांच्या इशाऱ्याचा रोख तोच होता. वाय-फायच्या नावाचे उदाहरण घ्या. त्याला कमाल ३२ बाइट मिळतात आणि शेवटी शून्य असण्याचे बंधन नाही. तो रकाना आहे, पत्र नव्हे. तेथे 'सुरक्षित' म्हणून नवे फंक्शन बसवले तर ते इमानाने मोर्तब ठेवील, त्यासाठी बत्तिसावे घर घेईल, आणि नावाचा शेवट कापला जाईल. वस्तू चांगली, जागा चुकीची. म्हणून प्रत्येक जागी जाऊन विचारावे लागते की हे पत्र आहे की रकाना, कापले गेले तर चालेल का, परत आलेला आकडा पुढे कोण वापरतो. हे काम कंटाळवाणे आहे हे आम्ही नाकारत नाही. दप्तराची झाडती घेण्याचे काम तरी कोणत्या काळी रंजक होते?

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. लिनक्सचे तपासनीस उद्धट असतात, नवख्याला पिटाळून लावतात, असे म्हटले जाते. यात तथ्य होते. स्वतः टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली, काही काळ कामातून बाजूला झाले, आणि त्याच सुमारास त्या प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. अपमान म्हणजे तपासणी नव्हे, हे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो. 'हे तुला कळत नाही' असे म्हणणारा तपासनीस आपले काम टाळत असतो, कारण त्याचे काम काय कळलेले नाही ते दाखवण्याचे आहे. परंतु उद्धटपणा नको म्हणून प्रश्नही नकोत, असा जो निष्कर्ष हळूच काढला जातो तो आम्हांला मान्य नाही. शब्द मऊ असावेत, प्रश्न मऊ असून चालणार नाही.

चौथा आक्षेप आजचा आहे: आता यंत्रच तपासते, मग माणूस कशाला? यंत्राची मदत थोर आहे यात शंका नाही. रकान्याची लांबी कंपायलरला ठाऊक असेल तर आता 'स्ट्र-एस-कॉपी'ला ती वेगळी सांगावीही लागत नाही; ही सोय २०२४ सालची. सीमा ओलांडली की ओरडणारी साधने आहेत, घाऊक शोध घेणारी साधने आहेत. तरी हे पत्र की रकाना, हा प्रश्न हेतूचा आहे, आणि हेतू त्या ओळीत लिहिलेला नसतो. तो ज्या उपकरणासाठी लिहिले त्याच्या माहितीपत्रकात असतो, वापरणाऱ्याच्या अपेक्षेत असतो. शिवाय आता यंत्रे स्वतःच ओळी लिहू लागली आहेत. लिहिणे जितके स्वस्त होईल तितकी वाचणाऱ्याची गरज वाढेल. ज्यांनी वाचण्याचे काम हलके मानले त्यांच्यावर अवघड दिवस येणार आहेत.

आता आपल्या दाराशी येऊ. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. अक्षर, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातील हलन्त ही सारी वेगवेगळी चिन्हे. 'गोरखी' या नावात ग, ओकार, र, ख, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. सोळाव्या घरात मोर्तब. १६ बाइटांच्या रकान्यात गोरखी नेमकी बसते. 'लष्कर'ही बसते. पण 'ग्वाल्हेर'ला २७ बाइट लागतात. १६च्या रकान्यात उरेल 'ग्वाल' एवढेच; शहराचा गवळी होईल. २०च्या रकान्यात तर 'ग्वाल्'नंतर 'ह'चा एक तृतीयांश तुकडा उरेल, जो कोणत्याच लिपीतले अक्षर नव्हे. फंक्शनाने आपले काम चोख केलेले असेल. ते बाइट मोजते, अक्षर ओळखत नाही. तसे ओळखणे त्याचे कामही नाही, असे म्हणणारे चुकीचे म्हणतात असे नाही. पण मग अक्षर तुटू नये याची काळजी कोणत्या पायरीवर घ्यायची, हे विचारायला तपासणीच्या बैठकीत देवनागरी वाचणारा कोणी बसलेला हवा. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट. ज्याचे नाव कधी मधोमध तुटले नाही त्याला हा प्रश्न सुचणे कठीण.

हिंदी मुलखात राहणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांना याचा आणखी एक पदर कळतो. देवनागरी लिपी हीदेखील हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी या भाषांची सामाईक वस्तू आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद मराठीला हवा असतो, हिंदीला त्याची गरज पडत नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. यात कोणाचा द्वेष नव्हता. सामाईक वस्तू घडताना जो तपासायला हजर असतो त्याच्या गरजा तीत उतरतात, आणि जो गैरहजर असतो तो पुढे वर्षानुवर्षे तक्रार करीत राहतो. तक्रारीपेक्षा हजेरी बरी.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून लष्करास आणली, त्या दौलतीबरोबर आलेल्या आपल्या घराण्यांत लढणारे होते तसे लिहिणारे आणि तपासणारेही होते. मुजुमदार हा जमाखर्च तपासणारा अधिकारी. फडणीस, दप्तरदार हे हिशेब आणि कागद राखणारे. कागद रुजू झाल्याखेरीज तो खरा मानला जात नसे. या हुद्द्यांची पुढे आडनावे झाली आणि ती आपण अभिमानाने मिरवतो. ज्या समाजाने तपासनिसाचा हुद्दा आडनाव करून पिढ्यान्पिढ्या जपला, त्यानेच आपल्या मुलीने 'मी तपासणी करते' म्हटल्यावर हिरमुसले व्हावे, ही विसंगती आम्हांला सहन होत नाही.

लिनक्समध्ये आजही प्रत्येक बदलाखाली तो लिहिणाऱ्याची सही असते, आणि ज्याने तपासला त्याचे नावही वेगळ्या ओळीत नोंदता येते. त्या नोंदीचा अर्थ तेथील नियमांत लिहून ठेवलेला आहे: मी हा बदल वाचला, मला दिसलेल्या शंका मांडल्या, त्यांची उत्तरे मला समाधानकारक वाटली, तरीही तो निर्दोष आहे अशी हमी मी देत नाही. यापेक्षा प्रामाणिक मोर्तब आमच्या पाहण्यात नाही. ते नाव प्रकल्पाच्या इतिहासात कायम राहते.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. आपल्या शहरात १९५७ पासून माधव अभियांत्रिकी संस्था आहे, १९९७ पासून माहिती-तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलांनी वर्षाकाठी एक तरी सामाईक फंक्शन इतिहासासकट वाचावे: ते कोणी मांडले, कोणी अडवले, का अडवले. अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्यांनी जसे लिहिण्याचे गुण देतात तसे दुसऱ्याचे वाचून नेमका प्रश्न विचारण्याचेही द्यावेत. नोकरी देणाऱ्यांनी बढती देताना नव्या ओळी मोजाव्यात, तशा अडवलेल्या चुकाही मोजाव्यात. त्या मोजणे कठीण आहे हे खरे, पण कठीण आहे म्हणून शून्य धरणे हा हिशेब नव्हे. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी, सुटीत आलेल्या मुलामुलींना 'काय बनवलेस?' या प्रश्नाबरोबर 'काय अडवलेस?' असेही विचारावे. उत्तर ऐकायला थोडा वेळ लागेल, बाइट आणि रकाने समजून घ्यावे लागतील. तेवढी तसदी घेण्याइतकी बुद्धी आणि सवड आपल्या घरांत निश्चित आहे.